खिसेवाली

लग्न करून मी अंबरनाथ पूर्वेला आले आणि वर्षभरातच उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक खोली, दहाबारा मशिनी आणि एकच पंखा, तोही शेठच्या डोक्यावर. रीत अशी की एका बाईने एकच काम करायचं. मी खिसे लावायचे, शेजारणीने चेन, तिसरीने कमरपट्टी. हात भराभर चालतो आणि शेठचं भलं होतं. मला सगळे खिसेवाली म्हणत, आणि मला त्याचा चक्क अभिमान होता.

पुढे एका सोमवारी आम्ही कामावर गेलो तर कारखान्याच्या दाराला कुलूप. मी ताठ मानेने एका टेलरच्या दुकानात काम मागायला गेले. त्याने कापलेलं कापड पुढ्यात टाकलं आणि म्हणाला, "पँट शिवून दाखवा." खिसे असे लावले की बघत राहावं. त्यापुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. एवढ्या पँटी हाताखालून गेल्या, पण अख्खी एकही नाही. तो हसला नाही. उलट चहा मागवला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या कारखान्यात लागले तेव्हा मनाशी ठरवलं, हाही कधीतरी बंद पडणार. मग जेवणाच्या सुट्टीत डबा झटपट संपवायचा आणि दुसऱ्या बायकांच्या मशीनवर जाऊन बसायचं, असा नेमच धरला. चेन शिकले, मग मांडीची शिवण, मग कमरपट्टी. या पट्टीने मला अक्षरशः रडवलं. कटिंगमास्तरांच्या मागे लागून लागून कापायलाही शिकले. बायका चिडवायच्या, "काय गं, शेठीण व्हायचंय का?"

"व्हायचंय. तुमच्या का पोटात दुखतंय?"

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलं आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या शेठनेही गाशा गुंडाळला. आता घर माझ्या एकटीवर. बंद दारापुढे आम्ही पाचजणी उभ्या होतो, आणि चिडवणाऱ्या चौघी आता माझ्याकडेच बघत होत्या. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण या खेपेला मला अख्खी पँट येत होती.

चौघींना घेऊन मी बदलापूर गाठलं. तिथे शाळेच्या गणवेशांचं मोठं दुकान होतं. त्यांना बाहेर बाकड्यावर बसवलं आणि आत गेले. दुकानदार सिंधी, वयस्कर. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "पूरी पँट आती है? यहाँ सब आधा काम सीख के आते हैं."

"कापड द्या. तुमच्यासमोर शिवते."

कापण्यापासून बटणापर्यंत सगळं तिथेच, त्याच्याच मशीनवर केलं. मधेच एक गिऱ्हाईक आलं, तर त्यालाही त्याने थांबवून ठेवलं. पँट हातात घेऊन शिवण ओढून पाहिली, चेन वरखाली केली, उलटी करून खिसे चाचपले. खोट काही सापडेना, तेव्हा जरा हिरमुसलाच. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"स्कूल खुलने से पहले पूरा माल चाहिए. अकेली कैसे करोगी?"

"एकटी नाही. बाहेर चौघी बसल्यात. सगळ्यांना पूर्ण पँट येते."

येत नव्हती. शाळा उघडली तेव्हा येत होती.