आमच्या घरात इंग्रजी कुणाला येतं

माझं इंग्रजी म्हणजे यस सर, ओके सर, डन सर. मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून तेवढ्यावर बारा वर्षं निघाली, आणि गावात, खालापूरकडं, मी इंग्रजी येणारा माणूस म्हणून मिरवलोसुद्धा. बँकेचा फॉर्म आला की चुलते मलाच पुढं करायचे. खरं इंग्रजी यायचं ते बायकोला. ती दहिवलीची, मराठी शाळेतली, पण बी.ए.ला इंग्रजी घेऊन पास झालेली. भाकऱ्या थापता थापता स्वतःशीच इंग्रजीत बोलायची. आज भाजी काय, नळाचं पाणी कधी जाणार, सासूबाई कशावरून रुसल्यात, सगळं इंग्रजीत. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचो. कळायचं थोडंच, पण बरं वाटायचं.

एकच होतं. आमच्याकडं 'ह' गिळतात. आमी, तुमी म्हणणारी माणसं. तिच्या इंग्रजीतही हाऊसचं आऊस व्हायचं, हॅपीचं ॲपी.

कंपनी वर्षातून एकदा सगळ्यांच्या घरच्यांना जेवायला बोलावते. मुलगी तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. खोपोलीच्या रस्त्याला असलेल्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गाला बाई पाहिजे होती. बायकोला सोमवारी मुलाखतीला बोलावलं होतं आणि ती आठवडाभर हवेत होती. आदल्या दिवशी, रविवारी, कंपनीचं जेवण. मोठ्या साहेबांच्या मिसेसनी तिला इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय करता. ती सरळ बोलायला लागली. मुलीबद्दल, मुलाखतीबद्दल, चांगली पाच-सहा वाक्यं. आऊस आलं, ॲपी आलं. माझ्या शिफ्टमधली पोरं ताटावरून मान वर करून बघायला लागली. पोरं हसायच्या आधी मीच हसलो. वर म्हणालो, "सॉरी मॅडम, ती गावची हाय." तोवर कुणीच हसलं नव्हतं. मग मात्र सगळे हसले.

आता गंमत ऐका. मोठे साहेब स्वतः स्टीमला इस्टीम म्हणायचे. कुणाची हिंमत होती हसायची? उलट वर्षभरात सगळा प्लँट इस्टीम म्हणायला लागला, मीसुद्धा. साहेबांची चूक आम्ही शिकून घेतली आणि बायकोचं चांगलं इंग्रजी मला झाकावंसं वाटलं. मला तिच्यापेक्षा कमी येतं हे चारचौघांत दिसू नये, एवढाच जीव होता माझा.

सोमवारी ती साडी नेसून, फाइल घेऊन दारापर्यंत गेली. मग चपला काढल्या आणि आत आली. विचारलं तर म्हणाली, "घरच्याच माणसाला हसू येतं, तिथं पोरं काय करतील?" मी म्हणायला पाहिजे होतं, जा गं, मी गाढव हाय. म्हणालो काय, तर बघ बाई, तुझी मर्जी.

त्यानंतर तीन वर्षं स्वयंपाकघरातून नुसता भाकरी थापल्याचा आवाज यायचा. मुलीचा अभ्यास ती घ्यायची, पण इंग्रजी वाचून दाखवायची वेळ आली की मोबाइल लावून द्यायची. मला दिसत होतं. माफी मागायला तोंड उघडायचो आणि दुसरंच काहीतरी मागायचो, पाणी, नाहीतर चहा.

यंदा मुलगी इंग्रजी शाळेत पहिलीत गेली. पालकसभेची चिठ्ठी आली तशी ती घेऊन माझ्याकडं आली.

"पप्पा, तुमी या. आई नको. आईला इंग्लिश नाय येत."

बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही, तिनं वरही बघितलं नाही. पोरीचं काही चुकलं नव्हतं, तिनं आईला बोलताना ऐकलंच कधी होतं? राग आला, पण ओरडणार कुणावर?

शनिवारी शिफ्ट बदलून घेतली आणि बायकोला म्हटलं, तू पण चल. नको म्हणाली. मी हट्टालाच पेटलो, तेव्हा म्हणाली, तुमीच बोला, मी नुसती बसते. म्हटलं, बरं.

वर्गातल्या बुटक्या बाकांवर आम्ही गुडघे वर करून बसलो. मिसनी मुलीबद्दल इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं आणि माझ्याकडं बघितलं. बघणारच, घरातला पुरुष ना मी. यस, ओके जिभेवर तयार होतं. पण मुलगी दोघांच्या मधे उभी होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती.

"मिस, मला नाय समजलं," मी म्हणालो. "आमच्या घरात इंग्रजी हिला येतं. हिला विचारा."

बायकोनं असं बघितलं माझ्याकडं, मला वाटलं आता उठून जाते. गेली नाही. घसा साफ केला आणि बोलली. पहिलं वाक्य अडखळत, दुसरं जरा कमी. ॲपी आलं, ऑलिडे आलं. मिस मान डोलावत लिहून घेत होत्या. मुलगी तोंड उघडं टाकून आईकडं बघत राहिली. माझे डोळे भरून आले, ते मी फळ्याकडं बघून लपवले.

परत येताना मोटरसायकलवर मुलगी पुढं टाकीवर, ही मागं. हिनं खांद्याजवळ तोंड आणून विचारलं, "अवो, मी कुठं चुकले का?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो. "मला कुठं येतंय इंग्रजी?"

नऊ वर्षांच्या संसारात हे मी तिला पहिल्यांदा सांगत होतो. ती हसायला लागली, पाठीवर एक बुक्की घातली आणि परत हसली. मग माझ्या खांद्यावरून पुढं वाकून मुलीला इंग्रजीत काहीतरी भराभर सांगितलं. दोघी खिदळल्या. मला त्यातला एक शब्द कळला नाही. माझ्याबद्दलच असणार.