आपल्यात कागद कायले?

माहा भाचा हर्षल चोर नाई. हे आधीच सांगून ठेवतो, कारण देऊळघाटात कोणालेबी विचारा, तो तुमाले उलटंच सांगन.

पोरगं पुण्यात एका कंपनीत होतं. काम काय, तं दुसऱ्याच्या नेटवर्कमधी चोरासारखं घुसून पाहाचं अन् भोक कुठं हाये ते मालकाले दाखवाचं. बाप वारल्यावर मायसाठी परत आला, बुलढाण्यात गाळा घेऊन पाटी लावली. "हे इथं चालन का बे?" मी म्हटलं. तं म्हणे, "मामा, इथंबी सारा व्यवहार मोबाईलवरच होऊन राह्यला ना."

पहिलं काम शंकररावानं दिलं. आमच्या पतसंस्थेचा अध्यक्ष, हर्षलच्या बापाचा लहानपणचा दोस्त. माह्याच ओसरीवर, माहाच चहा पीत म्हणाला, "आपल्या संस्थेची साईट तपासून दे बरं बेटा." हर्षलनं बॅगेतून परवानगीचा कागद काढला. "काका, इथं सही लागन. त्याबिगर मले हात लावता येत नाई."

शंकररावाचं तोंडच उतरलं. "तुह्या बापासंग एका ताटात जेवलो मी, अन् तू माह्याकडून लिहून घेशीन? आपल्यात कागद कायले बे?"

आमच्याकडं वडीलधाऱ्याले सही मागणं म्हंजे त्याच्या शब्दावर थुंकणं. हर्षलनं मान खाली घातली अन् कागद परत बॅगेत टाकला.

तपासणीत काय निघालं, ऐका. प्रत्येक साईटले एक सर्टिफिकेट असते, तिचं ओळखपत्रच म्हणा. संस्थेचं ते कधीचंच संपलं होतं. ते संपलं की मोबाईलवर लाल पाटी येते, इथं धोका हाये म्हणून. अन् या शंकररावानं भर सभेत लोकाइले शिकवून ठेवलं होतं: भ्याचं नाई, खाली 'तरीही पुढे जा' दाबाचं! साऱ्या सभासदाइच्या बोटाले तेच वळण लागलं. हर्षल म्हणे, "मामा, आता मधात कोणीबी बसू शकते. संस्थेले धाडलेलं बंद पाकीट तो फोडन, वाचन, पुन्हा चिकटवून पुढं देईन. लाल पाटी तेच तं सांगते, अन् यायनं तिचं ऐकणंच सोडलं."

संचालकाइच्या बैठकीत त्यानं करूनच दाखवलं. ऑफिसच्या वायफायवर आपला लॅपटॉप मधात बसवला. शंकररावाले साईट उघडाले लावली. लाल पाटी आली, शंकररावानं सवयीनं 'पुढे जा' दाबलं, पासवर्ड टाकला. अन् तो पासवर्ड हर्षलच्या प्रोजेक्टरवरून समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात आला: अध्यक्षसाहेब१२३. सारे संचालक पोट धरून हासले. त्या हासण्यानंच घात केला पोराचा.

दुसऱ्या दिवशी शंकरराव गावभर सांगत सुटला, "मी कुठं सांगतलं होतं त्याले? दाखवा लिहून असन तं!" पोलिसात तक्रार दिली. मी ठाण्यात जाऊन सांगतलं, माह्या ओसरीवर बोलणं झालं, माह्या कानानं ऐकलं. साहेब म्हणे, "तुम्ही मामा. तुमची साक्ष कोण धरन?" लॅपटॉप जप्त झाला. मंग कोण काम देते? आता त्याच गाळ्यात हर्षल मोबाईलले काचा लावते.

संस्थेनं मात्र काहीच सुधारलं नाई. व्हाचं तेच झालं. खरा चोर येऊन मधात बसला अन् कित्येकाइची खाती साफ केली, शंकररावाचंबी. पोलीस पह्यले कोणाच्या दारात? हर्षलच्या! चोर सोडून संन्याशाले फाशी. काही सापडलं नाई म्हणून सोडलं, पण सोडलं हे गावाले सांगाले कोणी आलं नाई. मले तं आजबी संताप येते.

परवा मी गाळ्यात बसलो होतो, तं शंकरराव आला. "बेटा, कुठून गेलं ते पाहून दे ना. तुलेच समजते यातलं."

हर्षलनं हातातला मोबाईल बाजूले ठेवला. परवानगीचा तोच कागद काढला, खाली एक ओळ लिहिली अन् पुढं सरकवला. ओळ होती: 'पहिली तपासणीबी मीच सांगतली होती.'

शंकररावानं पेन हातात घेतला. ओळ वाचली. माह्याकडं पाह्यलं. "पंजाबराव, अजूनबी आपल्यात कागद?"

मी म्हटलं, "हाव. अजूनबी."

त्यानं पेन ठेवला अन् उठून गेला. जन्माची कमाई गेलेली चालली त्याले, पण पोराचं नाव वापस देणं जमलं नाई.