तिनं माझं नाव घ्यावं म्हणून

आमी दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलल्या. ओसरीवर ऊन होतं. ती डाव्या हातानं सोलायची, उजवा मांडीवर पडलेला. निम्मे दाणे तोंडात टाकायली. मी म्हणलं, आमटीला ठिव थोडे. तर हसली.

तिला लकवा मारून साल होत आलं होतं. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, मेंदूतली नस तुंबली. समज शाबूत हाय, शब्द सापडंना झालेत. बोलत राहिली तर सापडतील, गप बसू देऊ नका.

सगळे शब्द गेले, एक राहिला. माझं नाव. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत न्हाई, उखाण्यात घेतलं तर घेतलं. जन्मभर 'अहो' म्हणणारी बाई आता पाण्याला माझं नाव घ्यायली, पंख्याला माझं, सुनेला हाक मारायची तरी माझंच. मी पळत जायचो, तर तिला चटणी पाहिजे असायची. मग कपाळावर हात मारून घ्यायची. सून म्हणायची, "मामा, आत्याबाईंनी जन्माचं उट्टं काढलं."

एक दिवस शेजारची म्हातारी बघायला आली. आपली समजूत खालच्या आवाजात सांगून गेली, नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणून. हिनं ऐकलं, अन् तोंडच मिटलं. पाणी पाहिजे तर बोट दाखवायची. बोट दाखवलं की आमी द्यायचो. आठ-पंधरा दिवसांत होता तेवढा आवाजबी घोगरा झाला. मला लय भेव वाटलं.

पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढं बसलो. म्हणलं, "घे माझं नाव. तू घेतलं तेवढ्यानं मेलो असतो तर आतापोतर माझी तेरवी झाली असती." तिनं मान हलवली. डोळ्यांतून पाणी. म्हणलं, "मरू दे मेलो तर. मुकी बायको घेऊन जगून काय करू?"

लय वेळानं घेतलं. हळूच, चोरी केल्यासारखं. मी तांब्या दिला अन् म्हणलं, पाणी. तिथून रोज तेच. ती माझं नाव घ्यायची, मी त्या वस्तूचं सांगायचो. पाणी आलं, मग मीठ आलं, नातीचं नाव आलं. चिडली की मात्र परत माझंच.

शेंगा सोलल्या त्या दिवशी सांजच्याला आमटी खाताना म्हणली, "मीठ कमी." दोन शब्द एकापाठी एक. मी सुनेला बोलावलं अन् हिला परत म्हणायला लावलं. रात्री ही झोपली ती उठलीच न्हाई. डॉक्टर म्हणले, दुसरा झटका.

माती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी गोठ्यात कोपरा धरून उभी. सालभर हीच तिला डाव्या हातानं पाला घालायची. मी यू यू केलं, सुनेनं केलं. हलंना. मग मी दारात उभा राहिलो अन् माझंच नाव घेऊन तिला हाक मारली. आली. पाला टाकला.