हात कोणी सोडला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या सुनंदाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही पिपरी मेघेत राहत नाही आणि उद्या भाजीच्या ठेल्यावर मला भेटणार नाही. धीट बाई असते तर सरळ तिच्या घरी गेले असते. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत आहे, बस. ती ओलांडायला काय लागतं?

सुनंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिच्याशी मी एका नावेत — खरीखुरी नाव, धाम नदीवर, सूर्य बुडायच्या वेळेला — काय केलं, ते सांगायचं आहे. पण तिथवर पोचायला मला थोडा वळसा घ्यावा लागेल. सरळ सांगायची सवय नाही. का नाही, ते कळेलच.

मला पोहता येत नाही.

झालं, एक बाहेर पडलं. तुम्ही म्हणाल, मग त्यात काय? अर्ध्या जिल्ह्याला येत नाही. खरं आहे. पण अर्ध्या जिल्ह्याने येतं म्हणून सांगितलेलं नाही ना.

माझं माहेर पवनारचं. मुलगी पाहायला आले तेव्हा सासूबाईंनी विचारायचं ते सगळं विचारलं — भाकरी थापता येते का, शिवण येतं का. नवरा मुलगा खाली मान घालून पोहे संपवत होता. शेवटी त्यांच्या मामांनी त्यांना कोपराने ढोसलं, "तुले काई विचाराचं असन त विचार नं." त्यावर ह्यांनी मान वर केली, घसा खाकरला आणि विचारलं, "पोहणं येते का?"

आता हा काय प्रश्न झाला? कारंज्याकडच्या कोरड्या गावातला माणूस, त्याला नदीकाठची मुलगी दिसली, दुसरं काही सुचलं नसेल. पण मला ते आवडले होते. नाही म्हटलं तर उठून जातील असं वाटलं. मी मान हलवली. नुसती मान — तोंडातून शब्द काढला नाही, हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला बजावत आले. जणू मान दुसऱ्या कुणाची होती.

खरं सांगायचं तर मी धाममध्ये घोट्यापर्यंत उतरलेली आहे. कपडे धुवायला. लहानपणी एकदा दगडावरून घसरून नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हापासून नदी आणि मी एकमेकींना लांबूनच ओळखतो.

पण ह्यांनी त्या एका मान हलवण्याचं काय केलं म्हणता! हे एसटीत कंडक्टर. गाडी पवनारच्या पुलावर आली की तिकिटं फाडता फाडता प्रवाशांना सांगायचे, "आमची मंडळी हाय ना, मासोळी हाय मासोळी!" सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या. शेजारच्या बाईने तर तिची मुलगी माझ्याकडे शिकायला पाठवली. मी काठावर बसून तिला ओरडून सांगायचे — पाय मार, श्वास रोख, घाबरू नको. ती खरंच शिकली! आता नागपूरला असते, आली की पाया पडते. मी आशीर्वाद देते. काय करणार? आणि कुणी मलाच पाण्यात उतरायचा आग्रह केला, की माझा कान दुखायचा. माझ्या कानाने माझी जेवढी साथ दिली तेवढी कुणी दिली नसेल.

दर रविवारी विहारात वंदनेला बसते. पंचशील म्हणताना चौथं शील आलं — खोटं न बोलण्याचं — की माझा आवाज आपोआप खाली जातो. मागे बसणाऱ्या बायांना वाटतं मी भावुक होते.

आता सुनंदा. ही देवळीची, आणि पाण्याला इतकी भिणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. अंघोळ करताना डोळे उघडे ठेवते — का, तर पाणी कुठून येतंय ते दिसायला पाहिजे. पावसाळ्यात गल्लीत पाणी तुंबलं की माझ्या दाराशी येऊन उभी राहते आणि माझा हात धरूनच पलीकडे जाते. पाणी असतं वीतभर. पण तिला मी लागते. घरात आल्यापासून तिने माझ्यावर असा भरवसा टाकला की कधीकधी मलाच वाटायचं, येत असेल मला पोहता. करून पाहिलं नाही एवढंच.

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने, संपला की आमचं विहारातलं महिला मंडळ कुठेतरी सहलीला जातं. गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या साली सिंदी मेघेच्या शेषराव मंडपवाल्याने नवीनच टूम काढली होती. गडी गोव्याला जाऊन आला, तिथे शिडाच्या नावेतून सूर्यास्त पाहिला, आणि डोक्यात घेऊन परतला. पवनारला बंधाऱ्यामागे पाणी साचतं तिथे त्याने एक नाव आणून टाकली. मध्ये मंडपाचा लोखंडी पाइप उभा केला आणि त्याला शीड म्हणून लग्नाच्या मंडपाचं गुलाबी कापड लावलं, खाली सोनेरी झालर. चौकात फ्लेक्स लागला — वर्ध्यातली पहिली सूर्यास्त शीडसफर, मोजकीच माणसं. मोजकी अशासाठी की जास्त मावत नव्हती.

मी जायला नको म्हणत होते. कान दुखत होता. पण सुनंदाने सगळ्या मंडळासमोर जाहीर केलं, "ताई हायेत म्हून मी बी येऊन राह्यली. ताई असल्यावर मले कायचं भेव?" ती आयुष्यात पहिल्यांदा नावेत बसणार होती. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग माझा कान बरा झाला.

काठावर शेषरावाने जाकिटं वाटली, ती फुगलेली नारिंगी. एक कमी पडलं. एकाचा पट्टा उंदराने खाल्ला होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेषराव हसला, "ताई, तुमाले कायले पाह्यजे जाकीट? तुमी त पवनारच्या!" मी माझं जाकीट काढलं आणि हसत हसत त्याच्या हातात दिलं. ते त्याने सुनंदाला घातलं. हसत हसतच नावेची कड दोन्ही हातांनी धरून आत चढले.

सफर सुरू झाली. वारा म्हणाल तर पानही हलत नव्हतं. गुलाबी कापड दोरीवर वाळत घातल्यासारखं लोंबत होतं आणि शेषराव बांबूने ढकलत नाव पुढे नेत होता. काठावरून लोक विचारत होते, लग्न कोणाचं आहे म्हणून. डब्यातला चिवडा निघाला, कांदा चिरला गेला. सूर्य छान तांबडा झाला. सुनंदा माझ्या शेजारी चिकटून बसली होती, हळूहळू तिने डोळे उघडले, आणि म्हणाली, "ताई, किती चांगलं हाय वो हे." तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला खरंच बरं वाटलं. एवढं एक खरं होतं त्या दिवशी.

आणि मग सगळ्या जणी फोटोसाठी एकाच बाजूला आल्या. नेमका तेव्हाच वारा सुटला. कापड एकदम फुगलं, नाव कलंडली, आणि सुनंदा कडेवरून घसरून पाण्यात गेली.

बाया ओरडल्या — "ताई, मारा उडी! पाहून काय राह्यल्या?"

मी काय केलं? मी चक्कर आल्याचं सोंग केलं.

हो. डोळे पांढरे केले, "माय वो" म्हटलं, आणि चिवड्याच्या डब्यावर आडवी झाले. आता सगळ्या माझ्याकडे धावल्या. कुणी पदराने वारा घातला, कुणी तोंडावर धामचं पाणी मारलं, एकीने चिरलेला कांदा माझ्या नाकात जवळजवळ कोंबला. मी शुद्धीवर यायला तयार नव्हते. कारण शुद्धीवर आले तर उडी मारावी लागणार.

तिकडे सुनंदाला काही झालेलं नव्हतं. जाकीट तिच्या कानापर्यंत चढलं होतं आणि ती भोपळ्यासारखी तरंगत होती. थोडी हातपाय मारते तोच तिचे पाय खाली दगडाला लागले. पाणी छातीपर्यंत! शेषरावाने बांबू पुढे केला, पण ती बांबू धरायला तयार नाही. पाण्यात उभी राहून ओरडतेय, "अवो मले राहू द्या! ताईले पाहा आधी! ताईले काय झालं?"

हे मी डोळे मिटून ऐकलं. कांदा नाकाशी होता, त्यामुळे डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

मध्ये थोडं गाळलं मी. लक्षात आलं का तुमच्या? नाव कलंडल्यावर सुनंदा लगेच पाण्यात गेली नव्हती. घसरता घसरता तिने माझं डावं मनगट धरलं होतं. बाया एकमेकींवर पडलेल्या, कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती नावेच्या कडेला लोंबत होती, मी पोटावर ओढली गेले होते, आणि माझ्या नाकाखाली ते हिरवं-काळं पाणी. तिच्या अंगात जाकीट आहे, हे मला आठवलं का? नाही आठवलं. खोटं कशाला सांगू? ती बुडणार असंच मला वाटलं. आणि ही मला घेऊन बुडणार, एवढंच डोक्यात होतं. मी उजव्या हाताने तिची बोटं सोडवली. आधी करंगळी, मग बाकीची. अंगठा शेवटपर्यंत निघत नव्हता, तो मी उलटा वाकवून काढला. त्या झटापटीत माझ्या दोन बांगड्या फुटल्या.

मग ती पाण्यात गेली.

पुढचं ऐकाल तर तुम्हाला हसू येईल, मला येत नाही. घरी आल्यावर सुनंदा सगळ्यांना सांगू लागली की हात तिनेच सोडला. "म्हटलं, मी त चालली, ताईले काऊन संगं नेऊ?" आणि ताईंना तिच्या काळजीनेच चक्कर आली, नाहीतर त्यांनी उडी मारलीच असती, हेही तीच सांगते. विहारात सांगितलं, माहेरी देवळीला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. चार दिवसांनी ती वर्ध्याच्या बाजारातून माझ्यासाठी नव्या बांगड्या घेऊन आली — "माह्यामुळं तुमच्या फुटल्या नं." मी हात पुढे केला. तिने स्वतः चढवल्या. तिच्या अंगठ्याला अजून सूज होती.

आणि ती बदलली हो. आता गल्लीत पाणी साचलं तरी एकटी जाते. परसात झाडांना पाइपने पाणी घालते, तोंडावर उडालं तर हसते. एकदा हात सोडून दाखवलेल्या बाईला वीतभर पाण्याचं काय, असं सगळ्या म्हणतात. तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की! मीही असंच म्हणून पाहिलं, पुष्कळदा. पण मी बोटं सोडवली तेव्हा तिचं भलं व्हावं म्हणून सोडवली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळत होती, मी ओट्यापाशी पाटावर बसले होते. तिच्या सुनेने तिला चिडवलं होतं की आई, तुम्ही एवढ्या घाबरट, हात सोडला नसेल, निसटला असेल. ते तिला लागलं होतं. झारा हातात धरून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ताई, खरं सांगजा. मीच सोडला न हात? मले आता नीट आठवतच नाई."

यापेक्षा सोपी संधी मला कोण देणार होतं? स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. ती विचारतेय, तेही खरं सांगा म्हणून.

मी म्हटलं, "हो. तूच सोडला. म्या पाह्यलं नं."

शेवटचं मी आपल्या मनाने जोडलं. तेवढी गरज नव्हती. तिचं तोंड असं उजळलं म्हणता! सुनेला हाक मारून म्हणाली, "घे, आता ताईनंच सांगतलं!" आणि सगळ्यांत मोठी वडी माझ्या ताटलीत घातली. मी ती खाल्ली. दुसरीही मागून घेतली.

एक राहिलं. मी तिची बोटं सोडवत होते तेव्हा ती काहीतरी म्हणत होती. बायांच्या ओरडण्यात ऐकू आलं नाही, असं मी स्वतःलाही सांगत आले. ऐकू आलं होतं. मी तिचा हात घट्ट धरतेय असं तिला वाटलं, आणि ती म्हणत होती — "हो ताई, तसंच धरा. तसंच."