दुपारच्या वह्या

माझ्या लेकीचं अक्षर मला तिच्यापेक्षा चांगलं काढता येतं. ही मिरवायची गोष्ट नाही, पण खरी आहे. इंग्रजी लिहिताना तिच्या ओळी पुढे जाता जाता खाली घसरतात, ‘जी’ची शेपटी अर्ध्यावर तुटते, आणि हिंदीच्या वहीत तर शिरोरेषा गावभर हिंडून येते. हे सगळं मी बसून शिकले. आधी डाव्या हाताने लिहून पाहिलं, ते फारच वेडंवाकडं आलं. मग उजव्याच हाताने, पेन जरा वर धरून, घाईत असल्यासारखं लिहायचं, हे जमलं. मधूनच एखादा शब्द चुकवायचा, त्यावर काट मारायची आणि पुढे बरोबर लिहायचा. चोरी करायची तर नीट करावी. अर्धवट कामाचा मला पहिल्यापासून राग आहे.

सुरुवात ती तिसरीत असताना झाली. आम्ही शंकर नगरला राहतो. नवऱ्याची नोकरी नवा रायपूरच्या सरकारी कचेरीत, सकाळी साडेआठला गेलेला माणूस संध्याकाळी सातला येतो. लेक दुपारी दीडला शाळेच्या बसमधून उतरायची. दप्तर उघडलं की त्यात दुसऱ्याच कुणाच्या डब्याचं झाकण निघायचं, स्वतःची पाण्याची बाटली गायब असायची, आणि वहीत वर तारीख, खाली धड्याचं नाव, खाली अडीच ओळी. पुढे कोरं पान. कोऱ्या पानावर बाईंनी लाल शाईत लिहिलेलं असायचं, ‘इनकम्प्लीट’. तो शब्द इतक्या वेळा पाहिला की मला स्वप्नातसुद्धा लाल शाई दिसू लागली.

एकदा सगळ्या वह्या तपासायला द्यायच्या होत्या. चार दिवस आधीपासून मी मागे लागले होते. रागावले, गोड बोलले, एक चापटही मारली. पोर टेबलाशी बसायची, पेन्सिलीला टोक करायची, टोक मोडायची, खिडकीतून खालचा कुत्रा बघायची, आणि तासाभराने पुन्हा अडीच ओळी. शेवटी ती झोपल्यावर मीच दोन पानं भरली. म्हटलं, एवढ्यापुरतंच. दुसऱ्या दिवशी ती बसमधून उडी मारून उतरली. वहीत बाईंनी ‘गुड’ लिहिलं होतं, आणि एक चांदणी. झोपेपर्यंत ती चांदणी सगळ्यांना दाखवत फिरली. तिने लिहिलेलं नव्हतं हे तिला माहीत होतं, मलाही होतं. पण त्या दिवशी घरात कुणी रडलं नाही, आणि मला तेवढं पुरलं.

मग ते रोजचं झालं. वर्गातल्या आयांचा मोबाइलवर ग्रुप होता, त्यात मी रोज विचारायची, आजचं लिखाण कुणी पाठवता का? पहिल्या वर्षी पाठवायच्या. पुढे पुढे माझा मेसेज सगळ्या वाचायच्या आणि गप्प राहायच्या. कुणा एकीला दया आली तर फोटो यायचा. वाढदिवसांची बोलावणी बंद झाली. एका ओळखीच्या मराठी घरी हळदीकुंकवाला गेले असताना लेकीने सोफ्यावरून उडी मारून काचेची सुरई फोडली होती. पुढच्या वर्षी त्या घरून बोलावणं नाही आलं, वाण तेवढं आलं. स्टीलची गाळणी, हळदीकुंकवाच्या पुडीसकट, ड्रायव्हरच्या हाती. माणसाला मानाने टाळायचं कसं, हे मी त्या दिवशी शिकले.

नवऱ्याला वह्यांचं ठाऊक होतं. त्याने एकदाच म्हटलं, “जे करायचं ते कर, मले सांगू नको.” सासूबाई पुरानी बस्तीतून फोन करायच्या आणि दर वेळी सांगायच्या, “आमच्या घरात असं कोणालेच नव्हतं.” आता त्यांचाच लेक जेवता जेवता तीनदा उठतो, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, पण ते कोण बोलणार.

पाचवीत आम्ही तिला मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तीन भेटींत तिला तपासलं आणि सांगितलं, हा अवधान कमी पडण्याचा त्रास आहे, जोडीला लिहिण्याचा वेगही कमी आहे. बुद्धीत काही उणं नाही. पुढच्या बाकावर बसवा, काम तुकड्यातुकड्यांनी द्या, मधे उठू द्या, तोंडी विचारा. निघताना त्या मला म्हणाल्या, “और उसका काम उसी को करने दीजिए. आधा रहे तो आधा.” मी मान डोलावली. घरी येऊन बाकीचं सगळं केलं, तेवढं सोडून.

बाकीचं खरंच केलं. मी पोळ्या लाटायची आणि ती ओट्यावर बसून पाय हलवत इतिहास सांगायची. राजे, लढाया, कर, बंड, सगळं धाडधाड. मधेच खाली उतरून एक फेरी मारून यायची आणि सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू. दहा मिनिटांचं घड्याळ लावायचो, ते वाजेपर्यंत तीन गणितं, मग गच्चीवर एक चक्कर. हे चालायचं. चालायचं नाही ते फक्त लिहिणं. आणि लिहिणं मी माझ्याकडे घेतलं होतं.

पहिली दोन-तीन वर्षं मी लिहायची तेव्हा ती शेजारीच असायची, टेबलावर बसून, वर्गात काय झालं ते सांगत. पुढे तिची तीनची ट्यूशन लागली. ती गेली की मी जेवणाचं टेबल पुसायची, वह्या मांडायची आणि पाचपर्यंत लिहायची. विज्ञानाच्या आकृत्यांना पेन्सिल, नकाशाला रंग. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. दुपारी दाराची बेल वाजत नव्हती, फोन वाजत नव्हता, आणि या गावात इतकी वर्षं राहून सहज जाऊन बसावं असं एकही घर मला उरलं नव्हतं. विचारलं असतं कुणी, दिवसभर काय करतेस, तर मी काय सांगणार होते?

नववीत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी पत्र दिलं. परीक्षेत तिला जादा वेळ आणि वेगळ्या खोलीत बसायची सोय मिळावी, असं. पेपर ती निम्माच लिहायची आणि घंटा व्हायची. जे लिहायची ते बरोबर असायचं. दहावीला ही सोय मागायची तर नववीपासून शाळेने तिची अडचण नोंदवायला हवी, नाहीतर पुढे कोणी विचारणार नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. म्हणजे सगळं शाळेच्या एका अभिप्रायावर अडलं होतं. मी पत्र देऊन आले. आठ दिवसांनी बोलावणं आलं, मुलीला घेऊन या.

वरच्या वर्गांचं कामकाज बघणाऱ्या मॅडम, साठीच्या जवळपासच्या, शांत बाई. त्यांच्या टेबलावर लेकीच्या सगळ्या वह्यांचा गठ्ठा होता. त्यांनी वरची वही उघडून माझ्याकडे फिरवली.

“देखिए. पूरा काम. आकृति देखिए, कितनी सुंदर है. जिस बच्चे का ध्यान नहीं लगता, वो ऐसी कॉपी बनाएगा?”

मला लाज वाटायला हवी होती. पण आधी क्षणभर बरंच वाटलं. त्या आकृतीला मी दीड तास दिला होता, आणि सहा वर्षांत कुणी पहिल्यांदा सुंदर म्हणत होतं.

“घर में सब कर लेती है,” मॅडम पुढे म्हणाल्या, “और क्लास में दो लाइन. पेपर भी आधा. मतलब कर सकती है, करती नहीं. इसको टाइम नहीं, अनुशासन चाहिए. हम तो तीन साल से यही समझा रहे हैं.”

“तीन साल से?” मी विचारलं.

त्यांनी सहज सांगितलं. सहावीपासून दर शुक्रवारी खेळाच्या तासाला तिला वर्गात बसवून राहिलेलं लिहायला लावत होते. मैदानावर जाऊ देत नव्हते. वर्गशिक्षिकेने कितीतरी वेळा विचारलं होतं, कॉपी कौन लिखता है? दर वेळी ती म्हणाली होती, मैं लिखती हूँ. तो क्लास में क्यों नहीं लिखती? यावर ती पेन्सिलीला टोक करायला घ्यायची.

मी लेकीकडे पाहिलं. ती खुर्चीच्या काठावर बसून टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत होती. शुक्रवारी ती खेळाचे बूट घालून जायची. परत आल्यावर मी विचारायची, काय खेळलीस, आणि ती सांगायची, खो-खो. कोण धावलं, कोण पडलं, कुणी कुणाला बाद केलं, सगळं रंगवून. ते तिने वर्गाच्या खिडकीतून पाहिलेलं असायचं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते असं. मी भरलेलं एकेक पान तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं, आणि ती साक्ष मी तिच्याच अक्षरात लिहिली होती.

“मॅडम, ये कॉपियाँ मैंने लिखी हैं,” मी म्हटलं.

त्यांना नीट कळलं नसावं. “आपने मदद की होगी, ठीक है…”

“मदत नहीं. सब मैंने लिखा है. तीसरी क्लास से.” घाबरले की माझ्या हिंदीत मराठी शिरते. मी त्यांचं पेन उचललं, समोरच्या कागदावर उघड्या वहीतली व्याख्या लिहून काढली. घसरती ओळ, तुटकी शेपटी, मधे एक काट. सहा वर्षांची सवय. मॅडमनी कागद वहीशेजारी ठेवला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग चष्मा काढून बाजूला ठेवला.

वर्षानुवर्षं घराबाहेर कुणालाही न सांगितलेली गोष्ट बोलून टाकली की हलकं वाटतं असं ऐकलं होतं. मला काही हलकं वाटलं नाही. माझ्या वयाच्या बाईने मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी बसून कॉपी केल्याचं कबूल करायचं, आणि तेही मुलीसमोर. मला उठून पळून जावंसं वाटत होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी लेकीपुढे एक कोरा कागद आणि पाठ्यपुस्तक ठेवलं. “बेटा, ये पैराग्राफ लिखो. जितना हो.” वीस मिनिटं आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो. तिने लिहिलं, थांबली, खाली पडलेलं टोपण उचललं, खिडकीतून पाहिलं, पुन्हा लिहिलं, एक ओळ दोनदा लिहिली. माझी बोटं मांडीवर आपोआप हलत होती. मी ती पदराखाली धरून ठेवली. वीस मिनिटांत साडेचार ओळी झाल्या. मग मॅडमनी तोच परिच्छेद तोंडी विचारला, तर तिने सगळा सांगितला, शिवाय पुस्तकात नसलेली एक गोष्टही.

मॅडमनी साडेचार ओळींचा कागद डॉक्टरीणबाईंच्या पत्राला टाचला. सहामाहीला वेगळी खोली आणि जादा वेळ देऊन बघू, म्हणाल्या, आणि त्याची नोंद ठेवू. शुक्रवारचं बसवणं आजपासून बंद. या सत्रातले वह्यांचे सगळे मार्क शून्य. “और कल से कॉपी में सिर्फ़ इसकी लिखाई. खाली पन्ना, तो खाली पन्ना.” मी म्हटलं, हव. माझ्या तोंडून रायपूरचा होकार कधी निघत नाही, त्या दिवशी निघाला.

बाहेर स्कूटरपाशी आलो. शाळा सुटायला वेळ होता, फाटकाजवळ आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी किल्ली लावली आणि हात तसाच राहिला.

“काहून नाई सांगितलं तू मले?” मी म्हटलं. “तीन वर्षं खेळू देत नव्हते तुले. नुसतं म्हणायचं ना, आई लिहिते म्हणून. बंद केलं असतं मी.”

“इसीलिए नहीं बोली,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

ती हेल्मेटचा पट्टा लावत होती, तो तिला कधीच पहिल्या झटक्यात लागत नाही. “तुम बंद कर देतीं, तो दोपहर को क्या करतीं? तुम्हारे पास कोई आता भी तो नहीं, आई.”

“मले ढीगभर कामं असतात घरात,” मी म्हटलं.

तिने मान वर केली. गृहपाठ झाला असं ती सांगते तेव्हा मी तिच्याकडे जशी बघते, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.