पांढऱ्या वायरीचं दुसरं टोक

त्यांच्याशी बोलायला गेलं की ते आधी तुमच्याकडे बघायचेच नाहीत. तुमच्या हातातल्या कागदांकडे बघायचे. कागद मागून घ्यायचे, टेबलावर उभे धरून ठकठक आपटायचे, सगळ्या कडा जुळल्या की परत तुमच्या हातात द्यायचे आणि मग म्हणायचे, "हं, आता बोला."

सांगलीहून बदली होऊन मी लखनौच्या आमच्या विमा कार्यालयात रुजू झाले, तेव्हा माझ्या हातात एकच कागद होता. तोही त्यांनी ठोकून परत दिला. त्यावरचं आडनाव वाचून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! ताई, म्हणजे आता ऑफिसात आपण दोघं झालो."

ते मूळचे ग्वाल्हेरचे. मराठी त्यांनी घरात जपली होती, पण वाढली होती ती हिंदीच्या अंगणात. "गरमी फार होऊन राहिली आहे," असं ते म्हणायचे, आणि मला लखनौमधला तो पहिला उन्हाळा त्या वाक्यामुळे जरा सुसह्य वाटायचा. ऑफिस त्यांना 'बड़े बाबू' म्हणे. मी काका म्हणू लागले.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. भिंतीवरचं कॅलेंडर कललेलं दिसलं की ज्याचा जीव कासावीस होतो, असा. लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या घरी ते सत्यनारायणाच्या प्रसादाला आले, तेव्हा चपला काढून आत येताच त्यांनी आधी आमचा लग्नातला फोटो सरळ केला आणि मग देवाला नमस्कार केला. माझे मिस्टर बघतच राहिले. काका ओशाळून म्हणाले, "काय करू, लटकलेलं, वाकडं झालेलं बघवत नाही हो मला."

एकदा काउंटरवर एक गृहस्थ आले होते. शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. काका आपल्या जागेवरून उठले, काउंटरला वळसा घालून बाहेर गेले आणि त्यांनी त्या अनोळखी माणसाची कॉलर नीट बसवली. "माफ कीजिए, देखा नहीं गया." आम्ही सगळे हसू दाबत होतो. तो माणूस मात्र हसला नाही. कॉलरला हात लावून तसाच उभा राहिला. नंतर कळलं, त्यांची बायको नुकतीच गेली होती आणि तिच्याच विम्याचे कागद घेऊन ते आले होते. काकांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि ते सगळे कागद स्वतः हातात घेऊन टेबलाटेबलांवरून फिरवून आणले.

त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते, तेव्हा आमच्या ऑफिसात नवीन नेटवर्क बसवायचं ठरलं. जुन्या वायरी जिन्यावरून, खिडक्यांतून, कुठूनही लोंबत होत्या. एका खोलीतला कॉम्प्युटर चालू असला की दुसऱ्या खोलीतला रुसायचा. काम एका लहानशा कंपनीला मिळालं आणि त्या कंपनीने निदा नावाची इंजिनियर पाठवली. पंचविशीतली मुलगी, लखनौचीच. ओढणी कमरेला बांधून शिडीवर चढायची आणि वरूनच सूचना द्यायची. तिने एकटीने सांभाळायचं हे पहिलंच काम होतं.

यंत्रं ठेवायला जागा मिळाली ती स्टेशनरीच्या खोलीत. म्हणजे काकांच्या राज्यात. तिथे एक काचेच्या दाराचं लोखंडी कपाट उभं राहिलं आणि त्यात एकावर एक अशा तीन चपट्या पेट्या बसल्या. प्रत्येक पेटीला पुढच्या बाजूने ओळीने वायरी खोचायच्या जागा. मागच्या बाजूने आखूड, जाड केबलींनी तिन्ही एकमेकींना जोडलेल्या.

"ये हब तीन क्यों हैं, बेटा?" काकांनी विचारलं.

"अंकल, हब पुराने ज़माने में होते थे. ये स्विच हैं. दिखते तीन हैं, पर पीछे से जुड़ गए तो एक ही समझिए. एक जगह से तीनों चलते हैं."

"म्हणजे जॉइंट फॅमिली," काका माझ्याकडे वळून म्हणाले. हब हा शब्द मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही आणि निदानेही तो दुरुस्त करायचं सोडलं नाही.

या जॉइंट फॅमिलीत पहिलं भांडण लागलं ते वरच्या पेटीवरून. दावे विभागाच्या साहेबांचं म्हणणं, आमचा विभाग मोठा, आमच्या वायरी वरच्या पेटीत लागल्या पाहिजेत. हिशेब विभागाचे साहेब म्हणाले, मग आम्ही काय तळाला बसायचं? निदा बिचारी सांगून थकली की वर-खाली असण्याने काही फरक पडत नाही. ते कोणालाच पटेना. शेवटी काकांनी दोघांना चहाला बोलावलं आणि सहज म्हणाले, "सुना है, गरमी ऊपर चढ़ती है. ऊपर वाला डिब्बा सबसे पहले तपेगा." दुसऱ्या दिवशी दोन्ही साहेब तळाची पेटी मागत होते.

निदाचं आणि काकांचं चांगलंच जमलं. ती वायरी ओढायची, हे त्या विंचरायचे. प्लास्टिकच्या पट्ट्या त्यांना आवडेनात, म्हणून फायलींना बांधायच्या पांढऱ्या नाड्या आणून त्यांनी वायरींच्या जुड्या बांधल्या. निदा म्हणाली, "अंकल, आप तो वायर की चोटी गूँथ देते हैं." काका लाजले. पण दार लावताना काचेतून परत एकदा डोकावून घेतलं.

नवीन नेटवर्क सुरू झालं तो सोमवार होता. काउंटरवर गर्दी होती. सकाळी सगळं झकास चाललं. आमचे मोठे साहेब दोनदा खाली येऊन गेले, निदाला "शाबाश" म्हणून गेले. आणि मग एकाएकी माझ्या समोरचा पडदा गोठला. शेजारच्या टेबलावरचाही गोठला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं. पाहता पाहता सगळं ऑफिस ठप्प झालं.

मी निदाच्या मागे स्टेशनरीच्या खोलीत धावले. तिन्ही पेट्यांवरचे हिरवे दिवे वेड्यासारखे एकदम लुकलुकत होते. निदाने मागच्या जाड केबली तपासल्या. पेट्या बंद करून पुन्हा चालू केल्या. क्षणभर दिवे शांत झाले आणि परत तेच. बाहेर लोक चिडू लागले होते. मोठे साहेब दारात येऊन उभे राहिले. "ये क्या तमाशा है?"

निदा एकेक वायर उपसून बघू लागली. तळाच्या पेटीतली एक पांढरी वायर तिने काढली आणि दिव्यांची धावपळ थांबली. ते आपापल्या सवडीने लुकलुकू लागले.

तिने ती वायर बोटांनी चाचपत वर नेली. तिचं एक टोक वरच्या पेटीत होतं आणि दुसरं आता तिच्या हातात. पुढे प्रिंटरला जोडायची म्हणून तिने ते टोक मोकळं ठेवलं होतं. कोणीतरी तेही खालच्या पेटीत खोचलं होतं. म्हणजे पेट्यांतून निघालेली गोष्ट फिरून पेट्यांतच येत होती, पुन्हा निघत होती, पुन्हा येत होती, आणि या गरगरण्यात आमच्या कामाला वाटच उरली नव्हती.

वायरीची मधली लांबी सुबक घडी घालून पांढऱ्या नाडीने बांधलेली होती.

निदाने ती नाडी पाहिली. मीही पाहिली. दोघींची नजरानजर झाली. तिने नाडी सोडवली, मुठीत घेतली आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "सर, एक सेटिंग मुझसे छूट गई थी. अब ठीक है."

"छूट गई थी? पूरा दफ़्तर बैठ गया और आप कहती हैं, छूट गई थी?" साहेबांनी तिथूनच तिच्या कंपनीला फोन लावला. कंपनीच्या मालकाने सांगितलं की उद्यापासून दुसरा माणूस पाठवतो, मुलीला परत बोलावतो. साहेब निघून गेले. निदा खाली बसून आपली हत्यारं पिशवीत भरू लागली.

"खरं का नाही सांगितलंस?" मी तिला हिंदीतून विचारलं.

"रिटायर हो रहे हैं, दीदी. जाते-जाते उनके नाम पर ये लगे, अच्छा लगेगा क्या?"

तेवढ्यात काका तिच्यासाठी चहाचा कप घेऊन आत आले. काय झालं होतं याचा त्यांना पत्ता नव्हता. पडदे गोठल्यापासून ते काउंटरवरची गर्दी समजावत होते. कप ठेवता ठेवता त्यांनी कपाटाकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "ताई, ती पांढरी वायर परत कशी काय लटकून राहिली? मघाशीच मी लावून दिली होती ना."

काका एकदा माझ्याकडे, एकदा निदाच्या पिशवीकडे बघत राहिले.

"काय झालं? सांगा ना, यार."

मग मला सांगावंच लागलं. ते ऐकताना काका स्टेशनरीच्या खोक्यावर बसले. त्यांचा चेहरा उतरलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. मग उठले आणि निदाला म्हणाले, "चलो बेटा."

"कहाँ, अंकल?"

"चलो तो."

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं उभे राहिलो. काका ताठ उभे होते, पण आवाज नेहमीचा नव्हता. "सर, वो तार मैंने लगाई थी. लटक रही थी, मुझसे देखा नहीं गया. इस लड़की की कोई गलती नहीं. मुझे मेमो दे दीजिए."

"नहीं सर," निदा लगेच म्हणाली, "ऐसी गलती रोकने की सेटिंग होती है. वो आज शाम को करने वाली थी. पहले करनी चाहिए थी. गलती मेरी है."

"अरे, तार तो मैंने लगाई!"

"पर अंकल, सेटिंग होती तो आपके लगाने से कुछ न होता!"

"तुम चुप रहो, बेटा."

"आप चुप रहिए, अंकल!"

आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन निदाने जीभ चावली. साहेब एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मला वाटलं, आता भडका उडणार. साहेब म्हणाले, "आप दोनों बाहर जाकर तय कर लीजिए कि गलती किसकी है. फिर मुझे बताइए." आणि फोन उचलून त्यांनी निदाच्या कंपनीला सांगितलं की दुसरा माणूस पाठवू नका, हिच्याकडूनच काम पुरं करून घेतो.

मेमो कोणालाच मिळाला नाही. निदाने ती सेटिंग दुपारीच करून टाकली आणि मग काकांना समोर उभं करून ती पांढरी वायर मुद्दाम दोन्हीकडे लावून दाखवली. काका दोन पावलं मागे सरले होते. काहीच बिघडलं नाही. तरीसुद्धा त्या दिवसापासून ते कपाटासमोर उभे राहिले की एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागे घट्ट धरून ठेवायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हा जरा आगाऊ आहे."

निवृत्तीच्या समारंभात भाषणं झाली, हार झाले. निदा खास रजा काढून आली होती. काका बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत संपवून खाली बसले.

पुढे काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. ग्वाल्हेरला लेकीच्या शेजारी घर घेतलंय, लखनौचं विकास नगरमधलं घर सोडतोय, जाण्याआधी तुम्ही दोघी जेवायला या. आणि निदाला म्हणावं, घरातलं इंटरनेट चालत नाहीये, जरा बघ.

इतकी वर्षं एका ऑफिसात काढून मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होते. मनात चित्र तयार होतं. उंबऱ्यातच ते पुसलं गेलं. सोफ्यावर लोकरीचे गुंडे, टीव्हीवर वाळत टाकलेले टॉवेल, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रांचा ढीग, त्यावर सोललेल्या मटारांचं ताट. काकू हसत बाहेर आल्या, गुंडे एका बाजूला लोटून आमच्यासाठी जागा केली. "यांचं सगळं ऑफिसात हो. घरात मी यांना कशालाच हात लावू देत नाही. नीट ठेवतात आणि मग मला काही सापडत नाही."

काका त्या सगळ्या पसाऱ्यात मजेत मांडी घालून बसले होते. गंजिफ्रॉकवर. मटार खात.

"अंकल, राउटर कहाँ है?" निदाने विचारलं.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. "इधर ही कहीं था," काका म्हणाले.

मग शोध सुरू झाला. निदा खिडकीतून आलेली वायर धरून निघाली, ती सोफ्यामागे गेली, तिथून गाद्यांच्या ढिगात हरवली. काकू कपाटावरचे डबे उतरवू लागल्या. मी टॉवेल उचलून बघितले. काका पोटावर आडवे झाले, हातात टॉर्च घेऊन दिवाणाखाली शिरले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. बराच वेळ आतून खुडबुड ऐकू येत होती.

"मिल गया!" आतून ते ओरडले. आम्ही तिघी धावलो.

ते सरपटत मागे आले. केसांना जळमटं लागलेली, चेहऱ्यावर मोठा विजय. हातात होता काकूंचा चष्मा, दिवाळीपासून हरवलेला. काकूंनी तो पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि आमच्याकडे एकेक करून निरखून पाहिलं. "अगं बाई," त्या निदाला म्हणाल्या, "किती छान दिसतेस तू!"

राउटर त्या दिवशी सापडला नाही. जेवण मात्र फार चांगलं झालं.