नलूताईंचं वाकडं बोट

नलूताई पक्षी दाखवायच्या त्या वाकड्या बोटाने. वेलीवरच्या कोवळ्या दुध्याला सरळ बोट दाखवलं की तो कुजतो, असं आमच्याकडे म्हणतात ना, तोच नियम त्यांनी पक्ष्यांना लावला होता. तर्जनी अर्धी मुडपून म्हणायच्या, "बाभळीच्या डावीकडे बघ. आणि तोंड मिटून बघ गं बाई, तुझ्या बडबडीला बगळेसुद्धा कंटाळलेत."

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला. पनवेलला आमची दारं समोरासमोर. थंडी पडली की पहाटे माझी कडी वाजलीच. मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण थर्मास धरायला कुणीतरी हवंच! कंटेनरच्या गाड्या चुकवत आमची रिक्षा खाडीकाठी जायची. "कर्नाळ्याला सगळे जातात," त्या म्हणायच्या, "या चिखलाला माझ्याशिवाय कोण आहे?" कुणी भराव टाकू लागलं की तक्रार घेऊन धावणाऱ्याही त्याच.

सल एकच, मुलगा शिरीष. जमिनींचे व्यवहार करायचा, क्वचित उगवायचा आणि आईच्या दुर्बिणीला हसायचा. आणि एका थंडीत तो आपणहून म्हणाला, "आई, मलाही ने ना." नलूताईंनी आदल्या रात्री त्याच्यासाठी गूळपोळ्या केल्या.

काय दिवस होता तो! ओहोटी लागलेली, चमचा पक्ष्यांचा थवा चमच्यासारख्या चोचींनी चिखल ढवळत होता. आणि ज्याची त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली तो कालवफोड्या अगदी समोर, काळापांढरा, चोच गाजरासारखी. नलूताईंनी माझा दंड असा दाबला की वळ उठला. शिरीष मात्र सारखा विचारत होता, "भरतीचं पाणी कुठवर येतं गं?" पोरगा अखेर आपल्या वाटेवर आला, या आनंदात त्यांनी हात लांब केला. बोट सरळ. मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तो खांब दिसतो? तिथवर. पलीकडे पाणी येत नाही, म्हणून तर भरतीला सगळे पक्षी तिथेच विसावतात."

महिन्याभराने बांधावर कालवं काढणारी जनाबाई म्हणाली, "बाय, तुमचा पोर परत आलता. चार मानसं घेऊन. खांबापासून फीत लावून मापीत व्हती." मग मुरुमाचे डंपर सुरू झाले. नलूताईंनी शिरीषला फोन लावला, माझ्यासमोरच, स्पीकरवर.

"आई, तूच म्हणालीस ना, तिथे पाणी येत नाही? भरती पोचत नाही तिथे भराव चालतो, सगळं कायद्यात बसतं. आणि हे कुणासाठी करतोय मी?"

त्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, "ताई, तक्रार करू या." त्या म्हणाल्या, "साक्षीला कोण उभं राहील? मीच ना?"

पुढच्या थंडीत माझी कडी वाजली नाही. ती थंडी सरता सरता त्या गेल्या. तेराव्याला शिरीष पंगतीत सांगत होता, "आईला पक्ष्यांचं फार वेड." मी वाढलेलं पान तसंच टाकून उठले. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

जायच्या थोडं आधी त्यांना गच्चीवर उन्हात बसवलं होतं. भरतीची वेळ. चमच्यांचा एक थवा डोक्यावरून गेला, वळला, पुन्हा गेला, पुन्हा वळला. न राहवून मी विचारलं, "ताई, कुठे उतरतील हो हे आता?"

त्यांनी उजवा हात शालीच्या आत ओढून घेतला.